रहाटावरचं वाचन

येशू-मरिया-जोसेफ

होळी, वसई
ता. ८ जुलै १९५१

चि. लूर्डस हिस बाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याला सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. कार्डात सात ओळी, आणि त्यातल्या चार माझ्या खोकल्यावर. ट्रेनिंग कॉलेजात मुलींना मास्तरीण कशी करतात ते लिहायचं सोडून बापाचा खोकला कसला विचारतेस! खोकला बरा आहे. तुझ्या ॲन्सेल्मदादाने केळीचे नवे मुनवे लावले. तुझी सालोमीवहिनी म्हणते की तू गेल्यापासून घरात बोलणारं माणूसच उरलं नाही. मी दिवसभर बोलतो ते ती बोलण्यात धरत नाही, असं दिसतं.

आपला करार लक्षात ठेव. तू जायला तयार नव्हतीस, मी धाडलं; त्या बदल्यात दर महिन्याला तू एक पुस्तक धाडायचं, आणि प्रत्येक पुस्तकावर माझा अभिप्राय. जुन्या बाजारातलं, पान फाटलेलं चालेल. पाऊस आहे तोवर रहाट बंद, म्हणून सध्या ओट्यावर बसतो. पण खरं सांगू, मला रहाटाशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही. चोवीस वर्षांचा घोडा झालो तेव्हा मिशनच्या शाळेतल्या म्हाताऱ्या मास्तरांकडून मी अक्षरं शिकलो. चुलीपुढच्या राखेत मी अ आ गिरवायचो आणि तुझी आई, तेव्हा नवी नवरी, तोंडाला पदर लावून हसायची.

पहिलं पुस्तक मी रहाटाच्या बैलामागे चालत मोठ्याने वाचलं. बैलाला आवाजाची अशी सवय झाली की जोडाक्षराला मी अडलो की तोही थांबे. तो थांबला की पाणी उपसणारे लोटे थांबत, पाटातलं पाणी आटे, आणि तुझा आजोबा केळीतून ओरडून माझा उद्धार करी. अशी मी जोडाक्षरं शिकलो, आजोबांच्या शिव्यांच्या भीतीने. तुमच्या कॉलेजात ही पद्धत शिकवतात का, विचार.

अभ्यास मन लावून कर. घरची ओढ लागली तर लागू दे, पण तिचं ऐकू नकोस. माया आहे तशीच आहे.

तुझा बा,
इनास

—

येशू-मरिया-जोसेफ

पुणे
ता. २० ऑगस्ट १९५१

ती. बा यांस लूर्डसचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं अक्षर पाहून बेला हसली. बेला म्हणजे माझ्या खोलीतली नगरची मुलगी. एका पानावर नऊ ओळी! पहिलीतली मुलं पाटीवर काढतात तेवढं एकेक अक्षर, आणि ओळी सगळ्या उताराला लागलेल्या. मी तिला सांगितलं की आमचे बा शेतकरी आहेत, पाणी वाहायला उतार लागतो.

पुस्तक मिळालं. एका किल्ल्याला वेढा पडतो, किल्लेदार म्हातारा, धान्य संपत आलेलं, आणि घरात बायको व लग्नाची मुलगी. किल्ला आपला वसईचा नाही, पण वाचताना मला सारखा तोच दिसत होता, तटावरची वडाची झाडं आणि खाली मासे वाळत घातलेले. मी दोन रात्रीत संपवलं. शेवट सगळा सांगत नाही. मला मात्र एक प्रश्न पडला आहे: शेवटी किल्लेदार चाव्या देतो, ते बरोबर की चूक? तुम्ही काय म्हणता ते वाचायची मला घाई आहे. इथे वर्गात पुस्तकावर बोलायला उभं केलं की मी मनात आधी तुम्हाला विचारते आणि मग तोंड उघडते.

आज माझी पाठाची पाळी आहे, म्हणून पार्सल बेला टपालात टाकेल. तिलाही तिच्या मामांना एक पार्सल पाठवायचं आहे. वहिनीला व दादाला नमस्कार. माझ्यावरचा जीव कमी करू नये.

आपली
लूर्डस

—

येशू-मरिया-जोसेफ

होळी
ता. १६ सप्टेंबर १९५१

चि. लूर्डस हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पुस्तक पोचलं आणि वाचून झालं. अभिप्राय देतो.

लेखकाला लढाई चांगली साधली आहे. घोड्यांचं वर्णन जरा जास्त झालं, पण तरणा असेल, माफ करू. किल्लेदाराने चाव्या दिल्या त्यात मला चूक दिसत नाही. आत बायकामुलं उपाशी असताना दगड राखून काय करायचं? पण मला खरा धीर दिसला तो त्याच्या बायकोचा. ती शेवटच्या दिवशीसुद्धा उरलेले मूठभर तांदूळ निवडत बसली होती, खडा दाताखाली येऊ नये म्हणून. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं.

मला तुझी आई आठवली. मानमोडीच्या तापाच्या साली सगळं घर आडवं झालं होतं. मी, माझे आईबाप, दोघे भाऊ, कोणी उठेना. शेजारच्यांनी तिला माहेरी निघून जायला सांगितलं. अठरा वर्षांची पोर, लग्नाला पुरतं वर्ष नव्हतं. ती गेली नाही. अकरा दिवस तिने एकटीने रहाट हाकला आणि पानवेली जगवल्या. बैल थांबू नये म्हणून ती मोठ्याने बोलत राही, वाचता येत नव्हतं म्हणून प्रार्थनाच म्हणे. मी आत पडून ऐकायचो. आवाज येतो आहे तोवर आपण जिवंत आहोत, असं मला वाटायचं. बरा झालो तेव्हा हे मी तिला कधी सांगितलं नाही. तुला सांगतो.

पुढचं पुस्तक सावकाश धाड. आमची आठवण मनात जागी असू दे.

तुझा बा,
इनास

—

येशू-मरिया-जोसेफ

पुणे
ता. ५ ऑक्टोबर १९५१

ती. बा यांस शि. सा. न. वि. वि.

तुमचा अभिप्राय मी चारदा वाचला आणि आईसाठी रडले. मग काल बेलाच्या मामांचं पत्र आलं. ते भयंकर चिडले आहेत. त्यांच्या कोंबड्या रोगाने मरताहेत, त्यांनी भाचीकडे कोंबड्या पाळण्याचं पुस्तक मागितलं, आणि भाचीने त्यांना किल्ल्याची कादंबरी पाठवली. बेलाने पार्सलांवरचे पत्ते उलटसुलट लिहिले होते. बा, तुमच्याकडे आलं ते कोंबड्यांचं पुस्तक आहे.

आधी आम्ही दोघी पोट धरून हसलो. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले आणि माझं हसू गेलं. त्या कादंबरीत किल्लेदाराची बायको तांदूळ निवडत नाही, आईच्या आठवणीत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती तिसऱ्याच प्रकरणात मरते. मग एकेक आठवायला लागलं. पास्काच्या सणाला देवळात तुम्ही गाण्यांचं पुस्तक हातात धरून डोळे मिटून गात होता. मी निघाले त्या दिवशी तुम्ही माझा चेहरा हाताने चाचपलात. मला वाटलं, माया. आणि ती नऊ ओळींची पानं, मी मूर्ख त्यांची थट्टा करत बसले.

तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, हो ना? मी पुढच्या सोमवारी मोठ्या बाईंना भेटून नाव काढून घेते आणि घरी येते. एकदा नाव काढलं की परत घेत नाहीत, हे मला माहीत आहे. शिक्षिका नाही झाले तर नाही झाले. तुम्हाला पुस्तक वाचून दाखवायला कोणीतरी हवं, आणि ते माझं काम आहे.

आपली
लूर्डस

—

येशू-मरिया-जोसेफ

होळी
ता. ८ ऑक्टोबर १९५१

चि. लूर्डस हिस आशीर्वाद.

नाव काढायचं नाही. हे आधी वाच, मग बाकीचं.

पट्टी धरून लिहितो आहे, ओळी एकमेकींवर चढल्या तर लावून घे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या नाताळपासून छापलेलं दिसत नाही. तू असताना रहाटावर जे वाचत होतो ते पाठ असलेलं म्हणत होतो, पानं उलटत होतो. सांगितलं असतं तर तू जूनमध्ये गाडीत पाय ठेवला नसतास. म्हणून खोटं बोललो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. कोंबड्यांची मात्र वाटते. तांदळाचं तर मी माझ्याच मनाने रचलं. तुझं पत्र वहिनीने वाचून दाखवलं, ती कोंबड्यांपर्यंत आली आणि तिने तीच ओळ परत वाचली. मग आम्ही दोघेही हसलो, पण माझं हसणं काही खरं नव्हतं.

ऑपरेशनचं नाव काढू नकोस. माझ्या बापाच्या डोळ्यांत असाच पडदा आला होता. वसईच्या बाजारात एक सुईवाला आला, त्याने चार माणसांदेखत डोळ्यात सुई घातली. आठ दिवस बापाला लख्ख दिसलं, त्याने माडावरचे नारळ मोजून दाखवले. नवव्या दिवशी दोन्ही डोळे पुवाने भरले आणि पुढे चौदा वर्षं तो काळोखात बसला. मला अजून उजेड आणि माणसाची सावली दिसते. तेवढं असू दे.

तू शिक. घरातलं एक तरी माणूस जोडाक्षरं शिव्या न देता शिकवणारं असू दे. नाव काढून आलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि मी बोललो नाही तर मलाच जड जाईल.

तुझा बा

—

होळी
ता. २ नोव्हेंबर १९५१

प्रिय लूर्डस हिला सालोमीवहिनीचा प्रेमाचा नमस्कार.

हे पत्र मी चार दिवस लिहिते आहे. बांना सांगितलेलं नाही. आज सकाळी मिस्सा झाल्यावर तुझ्या आईच्या थडग्यावर फुलं ठेवली, तिथे धीर आला.

बांना दिसत नाही हे मला तू जायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी मला शपथ घातली होती. तुझी पत्रं मीच वाचते. मी तिसरीत होते तेव्हा धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला मला घरी बसवलं. मग प्रार्थनेच्या पुस्तकापलीकडे कधी काही वाचलं नाही. पार्सल आलं तेव्हा वरचं कोंबडीचं चित्र मी पाहिलं होतं. पन सासऱ्याला कसं सांगायचं? मला वाटलं, किल्ल्यातसुद्धा कोंबड्या असतीलच.

आता रहाट सुरू झाला आहे. बा दांडीवर बसून फिरतात आनि मी बाजूने चालत वाचते. तेच कोंबड्यांचं पुस्तक. मी इतकी हळू वाचते की लाल्या बैल दर ओळीला उभा राहतो, पानी थांबतं, आनि तुझा दादा केळीतून ओरडतो. रस्त्याने जानारे हसतात, इनासची सून बैलाला शाळा शिकवते म्हनून. तुझ्या दादाला ते आवडत नाही. बाला दिसत नाही तोवर वाच, असं तो म्हनतो. पन पुस्तकात लिहिल्याप्रमाने मी दोन आजारी कोंबड्या वेगळ्या बांधल्या आनि बाकीच्या वाचल्या. पुस्तकातलं खरं होतं हे पाहून मी ते पान परत वाचलं.

आता खरं लिहिते. तू येऊ नकोस. तू आलीस तर पुस्तक तुझ्या हातात जाईल, आनि ते बरोबरच होईल, तू छान वाचतेस. मी परत चुलीशी जाईन. मला आता दुपार कधी होते असं होतं. एकदा तर माझ्या मनात आलं की बांचे डोळे असेच राहावेत. मी त्याच शनिवारी फादरांपुढे कुमसारीला गेले. पाप सांगितलं, क्षमा मिळाली, पन मन अजून तिथेच आहे. आता तुला सांगितलं. रागावलीस तरी मला वहिनी म्हन.

तुझी
सालोमी

—

येशू-मरिया-जोसेफ

पुणे
ता. ११ नोव्हेंबर १९५१

प्रिय सालोमीवहिनीस लूर्डसचा स. न.

राग आला, ते लपवत नाही. ती जागा माझी होती. पाच वर्षांची असल्यापासून बांच्या मागे चालत मी रहाटावर वाचायला शिकले, आणि तू तिथे चालते आहेस हे वाचून मी पत्र घडी करून पेटीत टाकलं. दोन दिवस ते परत उघडलं नाही. मग वर्गात पाठ घेत होते. मागच्या बाकावर एक मुलगी होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली. पोर रडायला लागलं तेव्हा तिला बाहेर जायला सांगायचं मला जिवावर आलं. मला तू दिसलीस.

मी येत नाही. परीक्षा देऊनच येईन. पण वहिनी, तुझ्याकडून मला एक अवघड काम हवं आहे. बांना ऑपरेशनला तूच तयार करू शकतेस. आता सुईवाले नाहीत, मुंबईला मोठ्या इस्पितळात डॉक्टर रोज दहा ऑपरेशनं करतात, बेलाच्या आजीला तिथेच परत दिसायला लागलं. तुझ्या मनात काय आहे ते कळूनही मी हे तुझ्यावरच टाकते आहे. मी लिहिलेलं त्यांना तूच वाचून दाखवतेस. तू मधल्या ओळी गाळल्यास तर मला कधी कळणारही नाही.

बेलाच्या मामांनी कादंबरी परत पाठवली आहे, ती सोबत धाडते.

तुझीच
लूर्डस

—

होळी
ता. २४ जानेवारी १९५२

प्रिय लूर्डस हिला वहिनीचा प्रेमाचा नमस्कार.

तुझ्या पत्रातली एकही ओळ मी गाळली नाही. माझ्याबद्दलच्या सुद्धा वाचल्या. बांनी सगळं ऐकून घेतलं. ऑपरेशनला मात्र नाहीच म्हनाले, नाताळातही नाही म्हनाले.

किल्ल्याची कादंबरी आम्ही रोज दोन पानं वाचत होतो. तीन राजांच्या सनाच्या दुसऱ्या दिवशी शेवटचं प्रकरन आलं. किल्लेदार चाव्या हातात घेऊन दरवाजाशी येतो, तिथे मी पुस्तक बंद केलं. बांना म्हनाले की उरलेली आठ पानं तुम्ही तुमच्या डोळ्यांनी वाचायची, मी वाचनार नाही. सासऱ्याला असं बोलायची माझी ही पहिलीच वेळ. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जेवताना ताट सरकवून द्यायचे. पाचव्या दिवशी लाल्याला सोडताना त्यांनी विचारलं की इस्पितळात किती दिवस राहावं लागतं.

तुझा दादा आनि मी त्यांना दहा फेब्रुवारीला मुंबईला नेतो. बा फार घाबरले आहेत. मीही. तू प्रार्थना कर, आनि माझ्यासाठीही कर, कारन मी मनापासून सगळं करते आहे पन मन अजून पुरतं मोकळं नाही.

तुझी
सालोमी

—

येशू-मरिया-जोसेफ

होळी
ता. २० एप्रिल १९५२

चि. लूर्डस हिस बाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर बघ. एका पानावर एकवीस ओळी. बेलाला दाखव.

इस्पितळात आठ दिवस उताणा पडलो होतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. नवव्या दिवशी मी बापाची आठवण काढत सकाळपासून घाम पुसत होतो. काही झालं नाही. आता नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आहे आणि डॉक्टरने रहाटावर बसायला बंदी केली आहे. सालोमीला घरात येऊन सहा वर्षं झाली, तिचा चेहरा मी या महिन्यात प्रथम नीट पाहिला. फार वाळली आहे पोर. आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं.

ती आठ पानं मी माझ्या डोळ्यांनी वाचली. किल्लेदार चाव्या देतो ते मला आता चूकही वाटत नाही आणि बरोबरही. ज्याच्या हातून सोडवत नाही असं काही सोडायची वेळ आली नाही, त्याने बोलू नये.

पास्काच्या सोमवारी मी नवं पुस्तक घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसलो. सालोमीने चहा आणून ठेवला, पुस्तकाकडे पाहिलं आणि चुलीशी गेली. ॲन्सेल्म खुशीत म्हणाला की आता बाला दिसतं, आता बायको घरात लागेल. तो वाईट नाही, त्याला लोकांच्या हसण्याचा कंटाळा आला होता. मी चार पानं वाचली. अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं. सव्वा वर्ष मी याच सुखासाठी झुरलो होतो, आणि पाचव्या पानावर ते सुख मला गोड लागेना.

मी ॲन्सेल्मला हाक मारली. डॉक्टरचा चष्मा लांबचं बघायला ठीक आहे, छापलेलं मात्र सगळं पुसट दिसतं, असं त्याला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला आणि बायकोला बाहेर पाठवलं. ती हात पुसत आली. तेव्हापासून दुपारी ती माझ्याशेजारी बसून वाचते आणि मी ऐकतो. हे खोटं मी मरेपर्यंत बोलणार आहे, फादरांना सांगणार नाही. तू परीक्षा देऊन आलीस की घरच्यांसमोर माझ्या हातात पुस्तक देऊ नकोस. ही पत्रंसुद्धा मी सकाळी वाडीच्या टोकाला जाऊन लिहितो.

काल मात्र घोटाळा झाला. ती एका मोठ्या जोडाक्षरावर अडली. दोनदा प्रयत्न केला, जमेना. मी पानाकडे पाहत होतो, आणि तो शब्द माझ्या तोंडून सहज निघून गेला. ती थांबली. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला वर बघायची हिंमत होईना. मग तिने पुस्तक जरासं माझ्या बाजूला सरकवलं, दोघांना दिसेल असं, आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली.

पेपर नीट लिही. आम्ही तिघे वाट पाहत आहोत, तितकीच ओढ तुलाही असू दे.

तुझा बा,
इनास